नापास कोळशाची राख

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात होते आणि तो कोळशाच्या पोत्याखाली.

गल्लीच्या वळणावर मी घाईत होते, तो रस्ता चुकलेला होता आणि दोघांपैकी कुणीच समोर बघत नव्हतं. धडक व्हायची ती झालीच. पोतं त्याच्या खांद्यावरून घसरलं, तोंडाची सुतळी सुटली आणि अर्धं पोतं माझ्या अंगावर रिकामं झालं.

"सॉरी... सॉरी हं... अरे देवा, कुर्ता पांढरा आहे की!"

एरवी मी काय केलं असतं ते आमच्या गल्लीला विचारा. माझ्या तोंडी लागू नये, हे तिथे पोस्टमनपासून मांजरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी कुर्त्याकडे बघत राहिले. एवढा कोळसा अंगावरून घरंगळून गेला, आणि डाग? खांद्यावर फक्त एक फिकट करडी रेघ होती. मी फुंकर मारली तर तीही उडून गेली.

"लागलं का तुम्हाला?" त्यानं घाबरून विचारलं.

"जरा गप्प बसा."

मी तिथेच रस्त्यात उकिडवी बसले. दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर वाजवले. टण्ण! काचेच्या पेल्यावर चमचा लागावा तसा आवाज. मग एक तुकडा बोटांत धरून मोडला. चुरा नाही की भुगा नाही, कट्कन तुटला आणि तुटलेली कड आतून काळीभोर चमकली.

"करवंटीचा?" मी वर बघत विचारलं.

"हो, नारळाच्या करवंटीचा."

"भट्टी कुणाची?"

"माझीच. म्हणजे... आमची. मी जाळतो, काका विकतात."

"वजन वाढवायला पाणी मारता का?"

आता मात्र त्याचा चेहरा बदलला. "मला काहीही बोला," तो म्हणाला, "पण कोळशाला नाही हं. ढग दिसला तरी मी पोती आधी आत घेतो, मग स्वतः."

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर काळा पट्टा, त्याखाली दोन अतिशय प्रामाणिक डोळे... बाकी वर्णन मी मुद्दाम करत नाही. मनातल्या मनात मी त्याचं नाव 'टणटण' ठेवून टाकलं.

कोळशाशी माझं एवढं काय अडलं होतं, ते आधी सांगायला हवं. आमचं छोटंसं हॉटेल आहे. गल्ल्यावर आई, स्वयंपाकघरात बाबा, आणि मागच्या अंगणात बाबांची लांबलचक लोखंडी शेगडी. मासा, कोंबडी, कणीस, भोपळी मिरची, जे म्हणाल ते बाबा तिच्यावर भाजायचे आणि लोक बोटं चाटत जायचे. मग आमच्या जुन्या कोळसेवाल्यानं अर्धवट जळलेला माल गळ्यात मारला. धुराचा लोट उठला तो थेट वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर राहतात आमच्या घरमालकीण काकू. काकूंना दमा. दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या.

काकू वाईट नाहीत, पण दम्यापुढे चांगुलपणा किती टिकणार? परत आल्यावर त्यांनी निकाल दिला. "शेगडी बंद. धूर न करणारा कोळसा मिळाला तर आणा, मी खिडकीत बसून बघीन. तीनदा बघीन. तिसऱ्यांदाही धूर आला तर ती शेगडी भंगारात."

तेव्हापासून बाबा गॅसवर रांधत होते. गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. बाबा रोज सकाळी ती न पेटलेली शेगडी पुसायचे. जाळीची एकेक सळई घासायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि तशीच झाकून ठेवायचे. ते मला बघवत नव्हतं. "नाक तुझं तिखट आहे," ते मला म्हणाले होते, "कोळसा तू निवड."

म्हणून मी त्या पांढऱ्या कुर्त्यात, भर रस्त्यात, अनोळखी माणसाला हुकूम सोडला. "सोमवारी पिशवीभर नमुना घेऊन या. पेटवून बघणार."

"येतो," तो म्हणाला. मग सांडलेला कोळसा भरता भरता थांबला. "पण कुठे यायचं? मी आत्तासुद्धा चुकलेलोच आहे."

सोमवारी तो आला तो धुतलेला शर्ट घालून, ओले केस चापून विंचरून. कोळसेवाला इतका स्वच्छ असू शकतो हे मला नवीन होतं.

"नमस्कार, परीक्षकबाई."

"नमुना ठेवा आणि लांब उभे राहा. परीक्षेला बसलेल्यानं पेपर तपासणाऱ्याशी बोलू नये."

"बघितलं तर चालतं का?"

"कोळशाकडे."

अंगणात आमची एक छोटी शेगडी होती, नमुन्यापुरती. मी कोळसा रचला, पेटवला. वरच्या खिडकीत काकू चष्मा लावून बसल्या होत्या. सुरुवात झकास झाली. ठिणग्या नाहीत, तडतड नाही, वास तर नावालाही नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडणार एवढ्यात एका कडेनं धुराची रेघ उठली. मग शेजारून दुसरी. मी चिमट्यानं ते दोन तुकडे उचलले. कडा तपकिरी, पाठीवर काथ्याचे केस तसेच. कच्चे होते दोन्ही.

वरची खिडकी धाडकन बंद झाली.

"काय झालं?" त्यानं दचकून वर पाहिलं.

"वारा," मी म्हणाले. घरचं रडगाणं परक्यापुढे कशाला गायचं? "तुम्ही नापास."

तो ओशाळला. "भट्टीच्या पिंपाच्या तोंडाजवळ नीट आच लागत नाही. तिथले तुकडे मी निवडून काढतो एरवी. आज जरा घाईत होतो."

"कसली घाई?"

"इथे उशीर झाला असता ना..." एवढं बोलून तो शेगडीकडे बघायला लागला.

निकाल लागला होता. मी त्याला तिथूनच वाटेला लावायला हवं होतं. पण मी म्हणाले, "बाकीचा किती टिकतो ते बघू या तरी. राख होईपर्यंत थांबा."

आता चांगल्या कोळशाची एक गंमत असते, तो लवकर संपत नाही. निखारे शांतपणे फुलत राहिले आणि आम्ही दोन उलट्या बादल्यांवर बसून राहिलो. तो भट्टीबद्दल सांगायला लागला. करवंट्या पेटल्या की आधी दाट पांढरा धूर येतो, मग तो निळसर, विरळ होतो, आणि मग दिसेनासा होतो. तेव्हा पिंपाचं तोंड बंद करायचं, फटी मातीनं लिंपायच्या.

"आणि मग?"

"मग काही नाही. मग वाट बघायची. सगळ्यात अवघड काम तेच. आत काय झालंय ते बघायचा इतका मोह होतो... पण लवकर उघडलं, वारा आत गेला, की सगळं भडकून राख."

"तुम्हाला जमतं थांबायला?"

"कोळशाच्या बाबतीत जमतं," तो म्हणाला. मी उगाचच चिमट्यानं निखारे हलवले, ज्यांना हलवायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. मी दारात उभी. त्यानं मला पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि झटकन अंगातलं जाकीट काढलं. माझं काळीज धडधडलं. हा आता ते जाकीट माझ्या डोक्यावर धरणार! मी लाजायची तयारीसुद्धा केली होती...

त्यानं ते कोळशाच्या पिशवीवर घातलं.

"मी भिजतेय," मी म्हणाले.

"तुम्ही सुकाल हो," तो कळवळून म्हणाला. "हा नाही सुकत लवकर."

मी फणकाऱ्यानं आत गेले आणि पडवीत उभी राहून पोट धरून हसले.

पण हसू फार टिकलं नाही. पाऊस ओसरल्यावर शेगडी पेटवली आणि पुन्हा तेच. सगळा माल सोन्यासारखा, फक्त दोन तुकडे कच्चे. धुराची रेघ उठली, खिडकी आपटली. "फारच वारा असतो तुमच्याकडे," तो म्हणाला. मी नापास म्हटलं तर त्याचा चेहरा पडायला हवा होता, तो मात्र विचारत होता, "म्हणजे पुन्हा यायचं ना?" आणि मी वेडी, पुन्हा राख होईपर्यंत त्याच्याबरोबर बसले.

तो गेल्यावर काकू जिन्यात आल्या. पदर नाकाला लावलेला. "दोनदा झालं हं," त्या बाबांना म्हणाल्या. "आता एकदाच."

त्या संध्याकाळी बाबांनी मला जवळ बसवलं. "शेवटच्या वेळी दुसऱ्या कुणाचा कोळसा आणू या का?"

"नको. त्याचाच."

"दोनदा धूर आलाय, बाळा."

"दोन तुकड्यांचा, बाबा. बाकी असा कोळसा मी आजवर पाहिलेला नाही."

त्यांनी हळूच विचारलं. "हे तुझं नाक सांगतंय ना? की आणखी काही?"

"नाक," मी म्हणाले. पण अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच खात्री वाटेना. बाबांची शेगडी माझ्या एका शब्दावर टांगलेली, आणि डोळे मिटले की मला कोळसा दिसतच नव्हता, कपाळावरचा काळा पट्टा दिसत होता. माझं चुकलं तर? जिवाला नुसता घोर लागून राहिला.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी मी काही नशिबावर सोडायचं नाही असं ठरवलं. तो आला, बाबांशी बोलत उभा राहिला, आणि मी पिशवी पडवीत नेऊन उघडली. पेटवायच्या आधी एकेक तुकडा हातात घेऊन बघणार होते. फार खोल जावंच लागलं नाही. अगदी वर, नीट मांडल्यासारखे, तीन कच्चे तुकडे. तपकिरी कडा, काथ्याचे केस. आणि त्यांच्यावर धूळ नव्हती! पिशवीभर कोळसा एकमेकांवर घासून सगळ्यांवर बारीक भुकटी बसली होती, फक्त हे तिघे नवऱ्यामुलासारखे नटून वर बसलेले. भट्टीत ते चुकून राहिले नव्हते. ते मागाहून, हातानं ठेवले होते.

म्हणजे याला पास व्हायचंच नाही? आमच्याशी धंदा नको तर सरळ सांगायचं, हे नाटक कशाला? रागानं माझे कान तापले. मी खाली खूप धुंडाळलं. बाकीचा कोळसा वाजवला, मोडला, हुंगला. एकही खोट नव्हती. मी ते तिघे एप्रनच्या खिशात कोंबले आणि पिशवी अंगणात आणली.

काकू खिडकीत बसल्या होत्या. आई गल्ला सोडून दारात आली होती. बाबा झाकलेल्या मोठ्या शेगडीवर हात ठेवून उभे होते.

"आज धूर आला तर ही चालली भंगारात," ते हसून म्हणाले. ते हसू इतकं केविलवाणं होतं की मला रडू यायला लागलं.

"भंगारात? का?" टणटणनं विचारलं.

"वर दम्याचं माणूस आहे ना. तीनदाच संधी दिली होती त्यांनी. दोन गेल्या." बाबा माझ्याकडे वळले. "हिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. 'वारा' म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं असणार, कारण त्याचा चेहरा राखेपेक्षा पांढरा पडला. मी काडी ओढली आणि तो एकदम पुढे आला.

"थांबा! पेटवू नका. त्यात... मी... वरचे तीन तुकडे..."

सगळ्यांसमोर. बाबांसमोर, काकूंसमोर. स्वतःची चोरी तो स्वतःच सांगायला निघाला होता.

"काढलेत," मी हळूच म्हणाले आणि एप्रनचा खिसा थोपटला. "मागे व्हा."

माझा राग तिथेच निम्मा विरघळला. उरलेला निम्मा मी नेटानं धरून ठेवला.

छोटी शेगडी पेटली. मी बादलीवर बसले नाही, उभीच राहिले. त्याचीही बसायची हिंमत झाली नाही. कडेचे तुकडे लाल झाले, मग मधले. मी डोळे फाडफाडून धुराची रेघ शोधत होते. आईचे ओठ हलत होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, शेगडीकडेही नाही, ते आपल्या हातांकडे बघत होते. निखारे फुलले, त्यांच्यावर पांढुरक्या राखेची पातळ साय धरली, उष्णतेनं समोरची भिंत थरथरताना दिसायला लागली... आणि खिडकी उघडीच होती.

मग वरून काकूंचा वैतागलेला आवाज आला.

"अहो, पेटवणार आहात की नाही? कधीची बसलेय मी!"

आई आधी हसली. मग बाबा. बाबा हसता हसता मोठ्या शेगडीच्या कठड्यावर वाकले आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. "पेटलीय, काकू!" मी ओरडले. "कधीच पेटलीय!"

"काय सांगतेस? पेटलीय?" काकू कमरेपर्यंत बाहेर वाकल्या, दोनदा जोरात श्वास घेतला, आणि खोकल्या नाहीत. "मग नुसती जाळताय कशाला? एक कणीस टाका माझं!"

छातीवरचं मणामणाचं ओझं उतरलं. बाबांनी मोठ्या शेगडीवरचं झाकण असं ओढलं की ते थेट तुळशीच्या कुंडीवर जाऊन पडलं, आणि कुणीही त्यांना रागावलं नाही.

त्या गडबडीत मी टणटणला पडवीत ओढलं. खिशातले तिघे बाहेर काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"बोला."

"पहिल्या वेळी खरंच चुकून राहिले होते," तो म्हणाला. "शपथ."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी... जरा कमी चुकून."

"आज?"

"आज मोजून ठेवले." त्यानं मान खाली घातली. "पास झालो असतो तर दुसऱ्या दिवसापासून माल घेऊन काका आले असते. टेम्पोतून. पोचवायचं काम त्यांचं, माझं काम भट्टीवर. मग मी इथे कुठल्या निमित्तानं यायचं?"

पुरुषाच्या डोक्यात इतकी सरळ आणि इतकी गाढव कल्पना कशी येऊ शकते!

"अहो, माझ्या बाबांची शेगडी गेली असती!"

"मला माहीत नव्हतं. तुम्ही वारा म्हणालात." तो म्हणाला. "माहीत असतं तर मी एकेक तुकडा दातानं मोडून तपासून आणला असता. तुमच्या बाबांना मी सगळं सांगतो. ते म्हणतील तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

खरं होतं, 'वारा' मीच म्हटलं होतं. माझा उरलेला निम्मा रागही गेला. तरी सहजासहजी सोडेन तर मी कसली?

"माझ्याशी लबाडी केलीत," मी म्हणाले. "परीक्षकाशी!"

"केली," तो म्हणाला. मग मान वर करून, अगदी हळू, "एक विचारू?"

"विचारा."

"धूर आल्या आल्या तुम्ही मला नापास केलंत. दोन्ही वेळा. मग राख होईपर्यंत का बसलात? नापास कोळशाची राख बघायला... कोण बसतं?"

माझ्या तोंडी लागू नये, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला एक उत्तर सुचलं असेल तर शपथ.

"तू फार वेळ घेतोस," शेवटी मी म्हणाले.

तो दचकला. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि ते मी मागे घेणार नव्हते.

"थांबायची सवय आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता हसू उतरायला लागलं होतं. "लवकर उघडलं तर..."

"उघड आता. निवलंय सगळं."

"आवडतेस तू मला," तो म्हणाला. "रस्त्यात मला गप्प बस म्हणालीस ना, तेव्हापासून."

"मला तू... टण्ण वाजलास तेव्हापासून."

"मी?"

"कोळसा रे. तुझा. एकच आहे ते."

"कणीस जळतंय!" काकू वरून ओरडल्या, आणि आम्ही दोघं दचकून बाहेर आलो. बाबा पेटलेल्या मोठ्या शेगडीशी उभे होते, घामाघूम, किती दिवसांनी इतके खूश. त्यांनी कणीस फिरवलं, टणटणकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कुर्त्याच्या बाहीवर काळ्या बोटांचे चार ठसठशीत ठसे होते ते पाहिले.

"या कोळशाचे डाग पडत नाहीत म्हणालीस ना?" ते म्हणाले.

मी बाही पाठीमागे लपवली. कच्च्या तुकड्यांचे पडतात, हे त्यांना कोण सांगणार?

"पास की नापास?" त्यांनी विचारलं.

"कोळसा पास," मी म्हणाले. "पण बाबा, माल याच्या काकांनी आणला तरी भट्टीवाल्यानं दर वेळी स्वतः समोर उभं राहायचं. मी तपासून घेणार. भरवसा नाही याचा."

"अगदीच नाही," टणटण गंभीरपणे म्हणाला.

बाबांनी कणीस ताटलीत ठेवलं, आईकडे दिलं. "आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात," ते तिला म्हणाले. "मी आज धुराशिवायची आग पाहिली." आणि असं म्हणताना त्यांची पाठ शेगडीकडे होती आणि नजर आमच्याकडे.

आईनं काकूंचं कणीस वर पोचवलं. बाबांनी मासे काढले. गल्लीत वास सुटला तशी माणसं डोकावायला लागली. अंगणाच्या कडेला नमुन्याची छोटी शेगडी अजून धगधगत होती. तिच्याजवळ दोन उलट्या बादल्या होत्या. आम्ही जाऊन बसलो. आज घाई नव्हती, खिडकी आपटण्याची भीती नव्हती, पुन्हा येण्यासाठी निमित्त लागणार नव्हतं. जीव इतका हलका झाला होता की मला काही बोलावंसंही वाटेना, आणि हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

निखारे संपेपर्यंत आम्ही बसलो. चांगल्या कोळशाची राख पांढरी आणि हलकी असते, परीक्षेतला तो शेवटचा गुण. ती तशी होती का म्हणाल, तर खरं सांगते... मी बघितलीच नाही.